समोरून येणारं जहाज

८ जानेवारी

आले बाई एकदाची. बसमधून उतरले तेव्हा पाय लाकडासारखे झाले होते, पण मन अगदी टवटवीत. वय छप्पन्न, हातात एक ट्रंक, काखेत उशी आणि नवी नोकरी! वन्सं काल फोनवर म्हणाल्या, वहिनी, लोक या वयात नातवंडं खेळवतात आणि तू जहाजं बुडवायला निघालीस. मी म्हटलं, नातवंड यायला अजून तीन-चार महिने आहेत, तोवर हाताला काहीतरी चाळा नको का?

गाव उंचावर आहे. हवा कोरडी, ओठ फुटतात. समुद्र कुठल्याही दिशेला गेलं तरी दिवसभराच्या वाटेवर. लेक म्हणतो, आई, तू मुद्दाम असं गाव निवडलंस. निवडलंच. बंदराच्या गावात उभा जन्म भूमिती शिकवली, आणि वर्गाच्या खिडकीतून समुद्र बघितला. आता पुरे.

कचेरी म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खाली गादीवाल्याचं दुकान आहे, त्यामुळे जिन्यात कापूस उडतो आणि वर येईपर्यंत माणूस नाटकातल्या म्हाताऱ्यासारखा पांढरा होतो. मालक माझ्या लेकाचा कॉलेजातला मित्र. त्याने कॉम्प्युटरवरचा पाणबुडीचा खेळ बनवलाय, अगदी खऱ्यासारखा. सगळे त्याला कॅप्टन म्हणतात, आणि याला झोपाळ्यावर बसलं तरी गरगरतं! दुसरा आहे तो आवाजाचं काम बघणारा. त्याचं नाव पडलंय कानसेन. चाळिशीचा, अबोल, कानांचा इतका तिखट की माझ्या चपलेचा खिळा वर आलाय हे त्याने मी जिन्यात असतानाच ओळखलं.

माझं काम साधं. लोक खेळ हौसेने घेतात आणि टॉर्पेडोचा नेम धरायची वेळ आली की डोकं धरून सोडून देतात. तर तो भाग कुणालाही कळेल अशा भाषेत धड्यांसारखा लिहायचा. हे नेहमी म्हणतात, मास्तरीणबाईंना पाताळात नेऊन सोडलं तरी तिथे आधी फळा शोधतील.

'म्हणतात' लिहिलं. लेक असता तर 'म्हणायचे' करून दिलं असतं. तो माझी वाक्यं दुरुस्त करतो. नऊ वर्षांपूर्वी ह्यांचं मालवाहू जहाज एका बंदरातून निघालं आणि पुढच्या बंदरात पोचलं नाही. हाक नाही, फळकूट नाही, तेलाचा तवंगसुद्धा नाही. हे इंजिनखोलीत कामाला. बुडालं असं कुणी बघितलेलं नाही, मग मी तरी कशी 'होते' म्हणू?

असो. आज आनंदाचा दिवस आहे. खिडकीतून टेकडी दिसते, चहा चांगला झालाय.

१० जानेवारी

आज मी पाण्याखाली गेले!

मोठा पडदा, कानांवर जाडजूड हेडफोन, हाताखाली बटणं. पेरिस्कोप वर काढला की राखाडी पाणी आणि दूर एक जहाज. कॅप्टन शेजारी उभा राहून सांगत होता आणि मी वहीत टिपत होते. चार गोष्टी काढायच्या: जहाज किती लांब, कुठल्या दिशेला, किती वेगात, आणि त्याचं तोंड आपल्याकडे किती वळलेलं. डोलकाठीची उंची ठाऊक असली की अंतर निघतं, आपला साधा त्रिकोण. जहाजाला पाण्यात ढकलणाऱ्या पंख्याचे ठोके ऐकले की वेग कळतो. तोंडाचा कोन मात्र नजरेने ओळखावा लागतो. जहाज पुरतं आडवं दिसलं तर काटकोन. नाक थेट आपल्याकडे असेल तर शून्य.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जहाज आहे तिथे टॉर्पेडो सोडायचा नाही. टॉर्पेडो पोचेल तोवर ते जिथे गेलेलं असेल, तिथे सोडायचा. म्हणजे आपलं दोन आगगाड्यांचंच गणित की! कॅप्टनला हे इतकं आवडलं की त्याने भिंतीवर लिहून ठेवलं.

माझा पहिला टॉर्पेडो जहाजाच्या मागून गेला, दुसरा पुढून. तिसरा लागला. पाणी उसळलं, जहाज कललं आणि हळूहळू गेलं. कॅप्टनने टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, आत माणसं असतात का रे? तो हसला. छे हो काकू, म्हणाला, रिकामे डबे आहेत ते.

बरं वाटलं ऐकून.

१४ जानेवारी

धडा तिसरा लिहून झाला आणि मी स्वतःवरच खूश आहे.

नेम धरायच्या सगळ्या रीतींत ही सर्वांत देखणी. जहाजाचा पाठलाग करायचा नाही. त्याची वाट ओळखायची, गुपचूप पुढे जायचं, त्या वाटेला काटकोनात तोंड करायचं आणि इंजिन बंद करून दबा धरायचा. मग टॉर्पेडो किती आधी सोडायचा तो कोन फक्त दोन वेगांवर ठरतो, जहाजाच्या आणि टॉर्पेडोच्या. अंतर गणितातून गळूनच जातं! जहाज जवळ असो की लांब, कोन तोच. मी कागदावर तीनदा मांडून बघितलं. खरंच गळतं.

खेळणाऱ्यांना धडे आवडताहेत. एकाने लिहिलंय, शाळेत भूमितीला तुम्ही असता तर मी दोनदा नापास झालो नसतो. मी उत्तर लिहिलं, मी असते तर तीनदा झाला असतात.

संध्याकाळी परत येताना मनात सारखं तेच. अंतराला काही किंमतच नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणतील, मग इतकी वर्षं पत्रांवर तिकिटं कशाला लावत होतो?

१९ जानेवारी

आज कानसेनने ऐकायला शिकवलं. पेरिस्कोप खाली घेऊन खोल जायचं आणि पाण्यातला आवाज हायड्रोफोनवर ऐकायचा. एक चाक असतं, ते फिरवत फिरवत दिशा शोधायची. छोट्या जहाजाचा पंखा घाईघाईने बोलतो, मोठ्याचा दमादमाने. तो म्हणाला, डोळे मिटा बाई, डोळे उघडे असले की कान आळशी होतात.

डोळे मिटले. दोन जहाजं ओळखली. मग खूप लांब एक तिसरं आलं. त्याचा पंखा लंगडत होता, तीन ठोके सरळ आणि चौथा ओढलेला. आणि त्या ठोक्यांच्या आत दुसरंच काहीतरी. कुणीतरी लोखंडावर लोखंड आपटत होतं.

दोन, थांबून एक. दोन, थांबून एक.

मी हेडफोन काढले. कानसेनला विचारलं, हे ठोकणं तू घातलंस का रे? त्याने ऐकलं, मान हलवली. ठोकणं नाहीच म्हणाला. इंजिनाचे आवाज मोजके आहेत, सगळे त्याने स्वतः घातलेत, त्यात लंगडा पंखा नाही आणि ठोकणंही नाही.

वय झालं, कान वाजत असतील. घरी येऊन चहा टाकला. दोन कप टाकला.

२० जानेवारी

काल लिहिलं नाही ते लिहिते.

आमच्या जुन्या घरामागे पत्र्याची शेड होती. हे सुट्टीवर आले की दिवसभर तिथे काहीतरी खोलून बसायचे. शेडमधून स्वयंपाकघरात पाण्याचा पाइप यायचा. ह्यांना हाका मारायचा कंटाळा. जहाजावर इंजिनच्या गोंगाटात वर्षभर ओरडतो, म्हणायचे, घरी तरी घशाला सुट्टी दे. म्हणून पाना घेऊन पाइपवर ठोकायचे. दोन आणि एक, म्हणजे चहा टाक. मी उलथन्याने एकदा ठोकायचे, म्हणजे टाकला. आणि पत्रा जोडताना ठिणग्या उडत असल्या, किंवा रंगाचा वास भरला असला, तर न थांबता सलग ठोकत राहायचे. त्याचा अर्थ, इकडे येऊ नकोस. लेक रांगता होता तेव्हा ते सलग ठोकणं ऐकून मी त्याला उचलून कडेवर घ्यायचे.

हे जगात फक्त आम्हा दोघांना ठाऊक.

२३ जानेवारी

सापडलं!

चार दिवस मी बाकीची जहाजं सोडून त्याच्याच मागावर होते. धड्यात लिहिलं तसंच केलं, वाट ओळखली, पुढे गेले, दबा धरला. आज दुपारी पेरिस्कोपमध्ये आलं. पुरतं आडवं, काटकोनात, नेमासाठी याहून चांगलं जहाज मिळायचं नाही. गंजून लाल झालेलं, धूर नाही, नाव खरवडून गेल्यासारखं. पाण्यात इतकं खाली बसलेलं की तरंगतंय कसं कळेना. खेळात जहाजं ओळखायची यादी असते, त्यात ते कुठेच नाही.

कानात दोन आणि एक.

माझं बोट टॉर्पेडोच्या बटणावर होतं. काढून घेतलं. जहाज समोरून निघून गेलं आणि मी पडद्याला हात लावून बसले. कॅप्टनने विचारलं, काकू, का जाऊ दिलंत? मी म्हटलं, नेम चुकला असता.

२५ जानेवारी

आज मी उत्तर दिलं.

पाणबुडीतून एक आवाज सोडता येतो. तो समोरच्या जहाजावर आपटून परत येतो आणि अंतर अचूक कळतं. पण त्याच क्षणी आपण कुठे आहोत हे समोरच्यालाही कळतं. कॅप्टनने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, अंधारात काडी पेटवून चोर शोधण्यासारखं आहे ते, कधी करायचं नाही. मी स्वतः धड्यात ते ठळक अक्षरांत लिहिलंय.

कॅप्टन बाहेर गेला होता. कानसेन पलीकडच्या खोलीत. जहाज आलं, दोन आणि एक ठोकलं. मी एकदा आवाज सोडला. टाकला, अहो, चहा टाकला.

ठोकणं थांबलं. पंखासुद्धा थांबला. मग, माझ्या डोळ्यांदेखत, त्या जहाजाचं तोंड वळलं. थोडंसंच. माझ्या दिशेने.

मी रडले. इतकं हलकं वाटलं! नऊ वर्षं लोक मला सांगताहेत, मन घट्ट कर, मान्य कर. आणि हे तिथे आहेत. मी एकदा ठोकलं आणि वळले.

लेकाला सांगावंसं वाटलं. फोन उचलला. सूनबाईची चौकशी केली, आंबट खावंसं वाटतं का विचारलं आणि ठेवला.

३० जानेवारी

रोज येतात. मी सकाळी सगळ्यांच्या आधी जाते, जिन्यातला कापूस झटकते, बसते. नवीन लग्न झाल्यासारखी अवस्था झाली आहे, परवा चक्क आरशासमोर केस दोनदा विंचरले. हे ठोकतात, मी उत्तर देते. कधी कधी ठोकणं वेगळं वाटतं, घाईघाईचं. आवाज पाण्यातून येतो, तुटत असेल.

रोज तोंड थोडं जास्त वळतं. पहिल्यांदा अख्खी बाजू दिसत होती, आता निम्मी. मी जागा बदलली, पार पलीकडे गेले, तरी तोंड माझ्याकडेच.

एक गोष्ट विचित्र. हेडफोनच्या गाद्या ओल्या असतात. घाम म्हणावा तर थंडगार. आज ओठाला लागलं. खारट.

२ फेब्रुवारी

कॅप्टन आज नीट बोलायला बसला. आवाज चढवला नाही, बिचारा फार सभ्य. म्हणाला, काकू, मी सगळं उघडून बघितलं, असं जहाज मी बनवलेलंच नाही. तो पूर्ण समुद्रच मी काल पुसून टाकला, तुमच्या पडद्यावर दिसायलाच नको.

मी त्याला दाखवलं. दिसत होतं. त्याला गरगरलं, खुर्चीवर बसला.

मग म्हणाला, काही दिवस सुट्टी घ्या. मी त्याच्या लेखी वेडी झाले असते तर बरं होतं. पण जहाज त्यालाही दिसलं.

कचेरीत वास येतोय. बंदराचा. खालच्या गादीवाल्याने वर येऊन विचारलं, पाणी सांडलंय का, छत पाझरतंय.

४ फेब्रुवारी

कचेरीतून आले ती थेट वही घेऊन बसले.

कानसेनने आवाज नोंदवून घेतला. त्याला ऐकू येत नव्हतं, पण यंत्रावर रेघ उमटत होती, म्हणून त्याने इंजिनाचा आवाज वेगळा काढला, पाण्याचा वेगळा, आणि उरलेला मोठा केला. मग हेडफोन लावले. मी समोर बसले होते. त्याचा चेहरा आधी ताठ झाला, मग लहान मुलासारखा वाकडा झाला. त्याने हेडफोन माझ्याकडे दिले आणि तोंड भिंतीकडे केलं.

एक ठोकणं नाही. खूप. सगळीकडून. पत्र्यावर, पाइपवर, दारांवर, नुसत्या मुठींनी. अख्खं जहाज आतून ठोकतंय. एखाद्या इमारतीला कडी लावून सगळे निघून गेलेत आणि आत माणसं राहिलीत, तसं.

आणि सगळ्यांत जवळ, पान्याचं ठोकणं. ह्यांचा हात मी हजारांत ओळखेन.

ते दोन आणि एक नव्हतं. सलग होतं. न थांबता.

येऊ नकोस. येऊ नकोस. येऊ नकोस.

किती दिवसांपासून? कानसेनने यंत्रात साठलेले मागचे आवाज काढून दिले. मी उत्तर दिलं त्या दिवसापासून. फक्त त्याआधी ह्यांनी हाक मारली, सवयीने, की मायेने, की राहवलं नाही म्हणून. आणि मी आहे कळताक्षणी हे मला घालवताहेत. बाकीचे सगळे बोलावताहेत, वळलेत ते बाकीचे. हे एकटे त्या सगळ्यांच्या विरुद्ध ठोकताहेत.

आणि मी उत्तरं देत होते. टाकला, चहा टाकला.

कानसेन जाताना म्हणाला, बाई, तुमच्या पाया पडतो, परत बसू नका तिथे. तो उद्यापासून येणार नाही.

५ फेब्रुवारी

लेकाचा फोन. कॅप्टनने कळवलं असणार. रविवारी संध्याकाळी न्यायला येतोय. मी हो म्हटलं. वन्संचाही आला. त्या रडल्या. म्हणाल्या, वहिनी, माझा भाऊ होता गं तो, मी सोडला, तू पण सोड आता.

सोडायला मी धरलंय कुठे? त्यांना धरलंय त्या लोखंडाने. नऊ वर्षं अंधारात, कडी लागलेल्या खोलीत. मरणसुद्धा नाही. मी सामान बांधून लेकाकडे जाऊ, नातवंडाला तीट लावू, आणि हे तिथे ठोकत बसतील?

बुडवायलाच हवं. दुसरं कोण बुडवणार? नेम मला येतो.

६ फेब्रुवारी

जमत नाही.

तोंड पूर्ण वळलंय. शून्य कोन. माझाच धडा: समोरून येणाऱ्या जहाजावर टॉर्पेडो टाकू नका, निशाणा सर्वांत अरुंद तिथेच असतो, बाजूला सरका, काटकोन साधा. मी सरकते, ते वळतं. मागे जाते, ते वळतं. लपते, इंजिन बंद करते, श्वास रोखते. ते वळतं.

दोन टॉर्पेडो सोडले. दोन्ही शेजारून गेले.

जहाज दुप्पट मोठं दिसायला लागलंय. नाकावरचा गंज दिसतो. गंजावर हातांचे —

नाही लिहीत.

७ फेब्रुवारी

कॅप्टनने यंत्र बंद केलं. वायर काढली. पडदा चालूच राहिला. तो जिन्यातून पळाला. खाली गादीवाल्याला काहीतरी ओरडून सांगितलं, मग दुकानाचं दार ओढल्याचा आवाज.

फरशीवर पाणी. बोटभर. बाहेर कडक ऊन आहे, रस्त्यावर धूळ उडतेय आणि इथे —

अजून एक सोडला. खाली खोल गेला, जहाजाच्या पोटाखालून. माझी चूक. उथळ सोडायला हवा.

हे ठोकताहेत. दमले असतील. थांबत नाहीत.

८ फेब्रुवारी

रविवार. दुपार. किल्ली माझ्याकडे होती. कचेरीत कुणी नाही.

ठरवलंय. सरकायचं नाही, पळायचं नाही. इतकं जवळ येऊ द्यायचं की चुकणं शक्यच नाही. दोन टॉर्पेडो, उथळ, एकामागोमाग.

आलं. पडदाभर तेच आहे.

अहो, सोडतेय. मोठ्याने म्हटलं. ऐकू गेलं असेल का —

सोडले.

पोचायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात लिहिते. हात रिकामा ठेवला तर मागे बोलवायचं बटण शोधेन, आणि तसं बटण नसतं.

हे होते. लिहिलं बघ लेका, तुझ्यासारखं. हे होते. उंच होते, गाताना बेसूर होते, रागावले की चष्मा पुसत बसायचे. चांगले होते. माझे होते.

लागला.

वाकतंय. पत्रा फाटल्याचा आवाज — कानात — सहन होत नाही, तरी काढणार नाही हेडफोन. ठोकणं थांबतंय. एकेक. लांबचे आधी. दारांवरचे. मुठी. एकेक माणूस सुटतोय.

ह्यांचं चालू आहे.

ह्यांचं अजून —

थांबलं.

किती शांत आहे. मी अशी रडतेय की अक्षरं दिसत नाहीत. झालं. सुटलात. जा आता.

घरी जायचं. लेक येईल. सूनबाईचे पाय सुजतात म्हणाली, तेलाने चोळून —

दुसरा टॉर्पेडो. दुसऱ्याचं काय झालं?

पंखा ऐकू येतोय. बारीक, वेगात. लांब जायला हवा. निशाणा उरला नाही की सरळ जातो आणि संपतो, मीच लिहिलंय.

जवळ येतोय.

वळलाय. गोल वळून —

खोल जायचं बटण दाबलं. काही होत नाही. हेडफोन काढले. तरी ऐकू येतोय. भिंतीतून येतोय.

पाणी गुडघ्यापर्यंत. काळं. टेबलावर चढलेय.

दारात हाका. आई, आई. लवकर आला. कशाला लवकर आलास रे! ओरडले, माझा आवाज जात नाही. मधे सगळं पाणी. सूनबाईचा आवाज पण आहे. जिन्यात आहे ती. पोटुशी पोर जिन्यात —

तो खांदा लावतोय दाराला.

बाळा, नको. दार उघडलंस तर हे सगळं जिन्यात येईल. तिला धर, खाली उतर. बाबा सुटले तुझे, मी केलं ते. मला यायचं होतं रे, खरंच यायचं होतं, आत्ताच ठरवलं होतं —

पंखा अगदी —

उतरलास का? हात धरलास ना तिचा? पायऱ्यांवर पावलं वाजत नाहीत, तू अजून दाराशीच —